दहापैकी नऊचं ताट

तारामतीच्या मेसमध्ये जेवायला बसतात बत्तीस लेकरं, आणि त्यांनी काय जेवावं हे ठरवायला बसतात त्यांचे चौसष्ट आईबाप. लेकरं समोर असतात, आईबाप फोनवर. समोरची बत्तीस फारशी कटकट करत नाहीत. केलीच तर "मावशी, आज मीठ जरा जास्त झालं" एवढीच. फोनवरचे चौसष्ट मात्र सकाळी पोह्यांपासून जे सुरू होतात, ते थेट शेवटचं पातेलं घासून पालथं पडेपर्यंत तिचा जीव खातात.

लातूरच्या ट्यूशन एरियात तिची मेस आहे. गल्लीच्या एका तोंडाला क्लास, दुसऱ्या तोंडाला झेरॉक्सवाला, मधे सगळ्या खोल्याच खोल्या. खाली दोन खोल्यांत तारामतीचा स्वयंपाक आणि पंगत, वरच्या मजल्यावर घरमालकाकडं भाड्यानं राहणाऱ्या बारा मुली. पोरं आसपासच्या गल्ल्यांतून येतात. सगळी अकरावी-बारावीची, सगळी डॉक्टर व्हायला 'नीट'ची तयारी करणारी, सगळ्यांच्या पाठीवर आपल्यापेक्षा जड दप्तर.

आता हे आईबाप कसे, तर मुखेडच्या एका बाईचं म्हणणं, माझ्या पोराला दही द्याच, त्याच्या पोटात आग पडते. किनवटच्या बाईचं म्हणणं, माझ्या पोराला दही दाखवूसुद्धा नका, त्याचा घसा धरतो. आणि ही दोन्ही पोरं जिवलग, पंगतीला मांडीला मांडी लावून बसणार. तारामतीनं एकाच्या वाटीत दही ओतायचं आणि त्याच हातानं दुसऱ्याची वाटी उचलून न्यायची. कुणी परीक्षेपर्यंत सोळा सोमवार बोललेले असतात. बोललेली आई, उपास पोराला. कुणाला अंडं हवं पण गुरुवारी नको. कुणाला बीट हवं, कारण मोबाईलवर कुणा डॉक्टरनं सांगितलं. मोबाईलवरचे हे डॉक्टर तारामतीच्या हाती लागते तर तिनं त्यांना एक दिवस बत्तीस माणसांच्या भाकरी थापायला बसवलं असतं.

"उंटावरून शेळ्या हाकून ऱ्हायलेत समदे," ती नीलाबाईला म्हणायची. नीलाबाई तिच्याकडे चपात्या लाटायला यायची, तिच्याच वयाची, पन्नाशीच्या अलीकडची. "हितं येऊन एक रोज वाढून बगा म्हणावं."

"त्ये येतील, बाई. बोलावू नको," नीलाबाई म्हणायची.

खरं तर तारामतीला या लोकांना फार बोलायचा हक्क नव्हता, आणि ते तिला माहीत होतं. म्हणूनच ती जास्त चिडायची. चौदा वर्षांपूर्वी ती स्वतः अशीच लातुरात आली होती, मुखेडकडच्या एका खेड्यातून, मुलगा सत्यम अकरावीला आला तेव्हा. नवरा ग्यानोबा शेतीपाशी राहिला आणि ही एक खोली घेऊन पोराच्या तोंडासमोर बसली. रात्री भिजवलेले बदाम सकाळी सोलून, ब्राह्मीचं सरबत, तूप-भाकरी, बाहेरचा वडापाव बंद, पाणीपुरी बंद, मित्राच्या डब्यातलं खाणं बंद. सत्यम गरीब पोरगा, पुढ्यात येईल ते खायचा. त्याचे दोन मित्र जेवायला येऊ लागले, दोनाचे सहा झाले. सत्यम काही डॉक्टर झाला नाही. शेतकीची पदवी घेऊन पुण्याला एका बियाणं कंपनीत लागला. पोरगा गेला आणि मेस राहिली. ग्यानोबा दर पंधरा दिवसांनी एसटीनं ज्वारी आणि तुरीची डाळ घेऊन यायचा, एक मुक्काम करायचा आणि जायचा.

मागच्या वर्षी सत्यमचं लग्न झालं. महिनाभरात सुनेचा, उज्ज्वलाचा फोन आला. "आई, ह्यांना जेवायला काय आवडतं? मी विचारलं की म्हणतात, काहीपण चालतं."

"त्याला मेथी चांगली. दूध चांगलं. कारलं दिलं तर लईच चांगलं."

"चांगलं नाही हो आई. आवडतं काय?"

तारामती डावानं आमटी हालवता हालवता थांबली. तिनं बरंच आठवून पाहिलं. "काहीपण चालतं म्हणतोय न्हवं? मग काहीपण कर की," असं म्हणून तिनं फोन ठेवला, आणि तो सगळा दिवस ती सुनेवर धुसफुसत राहिली. हल्लीच्या पोरींना भलतेच प्रश्न पडतात, असं तिनं नीलाबाईला चार वेळा सांगितलं.

तर अशा या तारामतीच्या पदरात जूनमध्ये अकरावीतली ज्ञानेश्वरी नावाची पोरगी पडली, आणि ज्ञानेश्वरीच्या मागोमाग तिचे वडील, हनुमंत सर.

सर भोकर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं; पुढं सांगायची इच्छा राहणार नाही. पोरीचं सामान त्यांनी स्वतः वर नेलं, पंखा तपासला, नळाचं पाणी हुंगलं. मग खाली येऊन पिशवीतून एक तक्ता काढला. चार रंगांच्या पेनांनी लिहिलेला, वर प्लास्टिक चढवलेला. तो त्यांनी तारामतीच्या स्वयंपाकघरात, बरोबर शेगडीसमोरच्या भिंतीवर चिकटवला. देवाची तसबीर तिथं होती ती त्यांनी विचारून जरा बाजूला सरकवली.

तक्त्यात सगळं होतं. सकाळी सहाला पाच बदाम, सोललेले. सातला मोड आलेले मूग, एक वाटी. दुपारी दीड भाकरी, पालेभाजी, काकडीचे आठ काप. संध्याकाळी फुटाणे. रात्री दोन फुलके, घट्ट वरण. आणि खाली लाल रंगात: भात नाही, दही नाही, लोणचं-पापड नाही, साखर नाही, मैदा नाही, तळलेलं नाही.

"भात का नको, सर?" तारामतीनं विचारलं. भोकरकडची माणसं दोन्ही वेळेला भातावर बसणारी, हे तिला माहीत होतं.

"भातानं झोप येते, ताई. दोन वर्षं झोप परवडणार नाही."

"अन् लोणच्यानं?"

"लोणच्यानं भात खावासा वाटतो."

पोरगी शेजारीच उभी होती. सडपातळ, दोन वेण्या, नजर तक्त्यावर. आपल्याला कोणता धडा आलाय हे पाहावं तशी ती तो वाचत होती.

"आणि ताई, एक विनंती," सर म्हणाले. "प्रत्येक जेवणाचा फोटो मला टाका. ताट वाढलं की लगेच. तिच्या हातात द्यायच्या आधी."

पहिल्या दिवशी दुपारी तारामतीनं ताट वाढलं, फोटो काढला, पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: "काप सहाच दिसतात. भाजीला तेलाचा तवंग आहे. १० पैकी ५."

तारामती उभ्या उभ्या पेटली. "मार्क! बाई गं, मला मार्क देऊन ऱ्हायला ह्यो बाबा! सातवीत शाळा सोडली मी, तवापासनं कुणाच्या बापानं मार्क दिले न्हाईत मला!"

नीलाबाई लाटणं टाकून हसत सुटली. "पास तर झालीस की!"

पण माणसाचं मन मोठं वंगाळ असतं. रात्री ताट वाढताना तारामतीचा हात आपोआप जपून चालला. फुलके गोल निघाले, वरण वाटीबाहेर सांडलं नाही. "१० पैकी ७." दुसऱ्या दिवशी तिनं काकडीचे आठ काप ताटाच्या कडेनं मांडले, भाजीवर चिमूटभर कोथिंबीर टाकली. "८. छान." छान म्हटल्यावर ती हसली नाही, पण फोन नीलाबाईला दाखवला. ऑगस्ट उजाडेपर्यंत तिला नऊची चटक लागली होती. तिची शिकायची हौस सातवीत मोडली होती, आणि आता कुणीतरी मास्तर रोज दोनदा तिचा पेपर तपासत होता. इतर एकतीस ताटांत तिचा हात पूर्वीसारखाच भराभर चालायचा. ज्ञानेश्वरीचं ताट मात्र ती शेवटी, निवांत वाढायची. कधी नऊच्या ऐवजी आठ आले तर दुपारभर तिचं डोकं फिरलेलं असायचं.

"काय कमी होतं सांग बरं आजच्या ताटात? आं? काकडीवर लिंबू बी पिळलं होतं!"

"तू डाक्टर होऊन ऱ्हायली का ती पोरगी?" नीलाबाईनं विचारलं. तारामतीनं तिच्याकडं लक्ष दिलं नाही.

मधे एकदा, दुपारच्या सामसुमीत, ज्ञानेश्वरीच्या आईचा फोन आला. दीपाली तिचं नाव. आवाज इतका बारीक की तारामतीला वाटलं रेंज नाही.

"ताई, मी मागच्या अंगणातून बोलतेय. सर घरात आहेत. तिला कधी तरी लोणच्याची फोड देत जा ना."

"फोटूत दिसंल की हो."

"फोटो काढून झाल्यावर द्या."

"मग तुमीच सांगा की सरांना, पोरीला लोणचं लागतं म्हून."

पलीकडून दार वाजल्यासारखं झालं आणि फोन बंद झाला. तारामतीला दोघांचाही राग आला. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत. तुमच्या नवराबायकोचं भांडण तुमच्या घरात मिटवा, माझ्या स्वयंपाकघरात कशाला आणता? आणि खरं सांगायचं तर फोडीनं ताटात तेल उतरतं, एखादा मार्क जातो, हेही तिच्या मनात येऊन गेलं. लोणचं तिनं दिलं नाही.

ज्ञानेश्वरीचं ताट वर जायचं. पंगतीत पोरं गप्पा मारतात, त्यात वेळ जातो, म्हणून सरांनीच तसं सांगितलं होतं. ती ताट घेऊन जिन्यानं वर जायची आणि अर्ध्या तासानं घासलेलं, लख्ख ताट आणून ठेवायची. इतर पोरी खरकटं तसंच टाकून पळायच्या. "असं वळण पायजे," तारामती म्हणायची.

आणि पोरगी धार्मिक होती. गल्लीत एक गाय हिंडायची, पांढरी, एक शिंग वाकलेलं. ज्ञानेश्वरी रोज दुपारी एक भाकरी हातात घेऊन खाली यायची आणि गाईला घालायची. दाराआड नाही, चोरून नाही, भर उन्हात, सगळ्यांसमोर. रात्री फुलकासुद्धा. आधी गाईचा घास काढायचा, मग आपण जेवायचं, हे आपल्याकडं लहानपणापासून सांगतात. झेरॉक्सवाल्यानं तर आपल्या पोरीला ज्ञानेश्वरीचं उदाहरण दिलं. घरमालकीण म्हणाली, असं लेकरू पोटी यायला नशीब लागतं. तारामतीनं मोठ्या कौतुकानं हनुमंत सरांना कळवलं. सरांचं उत्तर आलं: "संस्कार आहेत. उद्यापासून भाकरी दीडच्या ऐवजी अडीच द्यावी, म्हणजे तिच्या वाट्याची कमी होणार नाही." तारामतीनं अडीच दिली. गाय बाळसं धरू लागली. दीड वाजायच्या आधीच ती दारासमोर येऊन उभी राहायची.

तीन महिने ही गाय सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चरली आणि एकालाही शंका आली नाही.

ऑक्टोबरात एका सकाळी दहाच्या सुमारास क्लासमधून फोन आला. सराव परीक्षा चालू असताना ज्ञानेश्वरी बाकावरून खाली पडली होती. लातुरातला नंबर म्हणून तारामतीचा नोंदवलेला होता. ती तशीच, पिठाच्या हातानं, रिक्षा करून गेली. क्लासवाल्यांनी पोरीला स्टँडाकडच्या दवाखान्यात नेलं होतं. सलाईन लावलेलं, ओठ पांढरेफटक, हात चादरीवर. मनगट असं झालं होतं की बांगडी कोपरापर्यंत चढली असती.

डॉक्टरीण तरुण होती. "आजी, तुम्ही कोण हिच्या?"

"मेस हाय माझी. माझ्याकडं जेवती."

"जेवते? रक्त किती कमी झालंय ठाऊक आहे? पोटात काही नाही. महिन्या-दोन महिन्यांची उपासमार दिसतेय."

तारामतीचा संताप झाला. मेसच्या नावावर असा डाग! चौदा वर्षांत तिच्याकडं कुणी उपाशी उठलं नव्हतं. तिनं फोन काढला आणि डॉक्टरिणीच्या तोंडासमोर धरला. "बगा! रोजची दोन टायमाची ताटं हायत. तारीख बगा, येळ बगा. भाकरी बगा, पालक बगा. हितं मार्क बी दिलेत बापानं. नऊ हायत, नऊ!"

डॉक्टरिणीनं खरंच पाहिले. बोटानं वर सारत गेली. ताट, ताट, ताट. काकडीचे आठ काप, कोथिंबीर, गोल फुलके.

"सुरेख ताटं आहेत," ती म्हणाली. "पोरीचा एखादा फोटो आहे का यात?"

नव्हता. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एकही नव्हता. फोटो काढायचा तो तिच्या हातात ताट जायच्या आधी, असंच ठरलेलं होतं. तारामतीनं फोन ओच्यात खोवला आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसली. तिला रडायला यायला हवं होतं, पण आली ती चीड, आणि कुणाची ते कळेना, म्हणून सगळ्यात आधी ती पोरीवरच निघाली.

"काय गं ए? गाईला घालायला म्या पीठ मळत होते व्हय? बोल की!"

ज्ञानेश्वरीनं डोळे उघडले. "मावशी, मी खायचं ठरवत होते रोज."

"मग?"

"ताट बघितलं की पेपर हातात आल्यासारखं वाटतं. पप्पांनी त्याला मार्क दिलेले असतात. एक घास घेतला की वाटतं, आता चुकणार. मग गिळत नाही. टाकून द्यायला वाईट वाटायचं. म्हणून गाईला दिलं. उरलेली भाकरी-भाजी पण तिलाच द्यायचे, पिशवीतून."

"सांगायचं न्हाई का मला?"

"तुम्ही किती मन लावून वाढायच्या."

तारामतीनं चादर तिच्या हातावर ओढली.

पोरगी पडली, रक्त कमी आहे, असा क्लासमधून फोन गेल्यावर हनुमंत सर दुपारी तीनला पोचले. भोकरहून नांदेड, नांदेडहून लातूर, मिळेल त्या गाडीनं. घामानं सदरा भिजलेला, चप्पल एका पायाची तुटलेली. पोरीजवळ गेले, कपाळावर हात ठेवला, नाडी पाहिली, सलाईनच्या बाटलीवरचा मजकूर वाचला. तोंडातून पहिलं निघालं ते हे: "काल रात्री काय खाल्लं होतं?"

पोरीनं तोंड भिंतीकडं वळवलं.

तारामतीनं त्यांना बाहेर व्हरांड्यात बोलावलं आणि गाईपासून सगळं सांगितलं. सरांचा विश्वास बसेना. फोटो आहेत, म्हणाले. मी स्वतः तपासलेत. मग खाली बसले, मग उठले. मग खिशातून कागद काढला. येताना बसमध्येच त्यांनी नवा तक्ता लिहिला होता: खजूर, बीट, राजगिरा, गूळ-शेंगदाणे, दर दोन तासांनी. अक्षर खड्ड्यांनी वाकडंतिकडं झालं होतं.

"लोह वाढवावं लागेल, ताई. फोटो आता खाऊन झाल्यावर रिकाम्या ताटाचा..."

तारामतीच्या अंगाचा तिळपापड झाला. नर्सबाईनं हळू बोला म्हणून सांगितलं तरी ती हळू बोलली नाही.

"सर, रिकामं ताट तर तीन महिने रोज येऊन ऱ्हायलं की हो माझ्या मोरीवर! घासून, पुसून! कशाचा फोटू काढू? तुमी मला मार्क देत गेलात, मी बी येड्यावाणी घेत गेले. नऊ आले की माझी छाती फुगायची. अन् लेकराच्या पोटात काय पडलं ते ना तुमी बगितलं ना म्या बगितलं. त्या गाईनं बगितलं फकस्त!"

"मी तिच्या भल्यासाठीच..."

"मालूम हाय. समद्यांचं भल्यासाठीच असतंय. माझं बी होतं." तिनं त्यांच्या हातातला कागद घेतला. फाडला नाही, दोन घड्या घालून त्यांच्याच खिशात ठेवला. "ह्यो कागद माझ्या भिंतीवर लागायचा न्हाई. लावायचा तर पोरीला दुसरी मेस बगा."

सरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसत राहिले. पन्नाशीला आलेला माणूस, वर्गात चाळीस पोरांना उभं करणारा. चष्म्याविना त्याचं तोंड अगदी उघडं पडल्यासारखं दिसत होतं. तारामतीला दया आली आणि दया आली म्हणून पुन्हा राग आला.

संध्याकाळी डॉक्टरिणीनं पोरीला सोडलं. औषधं दिली, हलकं, थोडं थोडं खाऊ द्या म्हणाली, आणि आठ दिवसांनी आणायला सांगितलं. रिक्षातून तिघं मेसवर आले. पोरांची पंगत उठून गेली होती. नीलाबाईनं सगळं झाकून ठेवलं होतं. शेगडीसमोरच्या भिंतीवर तक्ता अजून होता. तारामतीनं येता येताच तो ओढून काढला आणि पिठाच्या डब्यामागं टाकला.

बाहेर पंगतीच्या खोलीत ज्ञानेश्वरी पाटावर बसली. सर भिंतीला टेकून समोर. तारामती पोरीसमोर उकिडवी बसली.

"ज्ञानू, बाई माझी, आता सांग. काय खावंसं वाटतंय तुला? हाय ते वाढते, न्हाई ते करते. येळ लागू दे किती बी."

पोरगी गोंधळली. तिनं एकदा तारामतीकडं पाहिलं, मग वडिलांकडं.

"पप्पांना विचारा ना, मावशी."

ती तक्रार करत नव्हती. रागही नव्हता. नळाला पाणी कधी येतं असं कुणी विचारल्यावर घरमालकाला विचारा म्हणावं, तितक्या सरळपणे ती बोलली.

"अगं, खाणार तू, बापाला काय इचारू?"

"मला नाही सांगता येत." आता तिचे डोळे भरले. "खरंच नाही येत. मी आठवून बघते, पण काय चांगलं असतं तेच आठवतं."

तारामतीनं सरांकडं पाहिलं. "सांगा मग. काय आवडतं हिला?"

सरांनी तोंड उघडलं. ज्वारीत किती लोह, मुगात किती प्रथिनं, हे त्यांना झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. "तिला... लहान असताना..." म्हणाले, आणि थांबले. कपाळावर आठ्या पडल्या. वर्गात उत्तर न आलेलं पोरगं छताकडं बघतं तसं त्यांनी वर पाहिलं. मग घाईनं खिशातून फोन काढला. "हिच्या आईला विचारतो. एक मिनिट."

"ठेवा त्यो फोन," तारामती म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही.

तिनं पोरीला हाताला धरून उठवलं, आत स्वयंपाकघरात नेलं आणि रिकामं ताट तिच्या हातात दिलं. "ही समदी झाकणं हायत. उघड. वास घे. बोट घालून चाटून बग, माझी ना न्हाई. वाटलं तर घे. न्हाई वाटलं तर नगं घेऊ, तसंच ये भायेर." नीलाबाई दारातून डोकावत होती, तिला दंडाला धरून तिनं बाहेर ओढलं, आणि मधलं दार लोटून घेतलं.

बाहेर तिघं बसले. आत बराच वेळ काहीच वाजलं नाही. मग एक झाकण वाजलं आणि परत बसलं. मग दुसरं. आत वांग्याची भाजी होती, वरण होतं, पोरांसाठी केलेला भात होता, सकाळी नाश्त्याला केलेलं चुरमुऱ्यांचं सुशीला उरलं होतं, फळीवर लोणच्याची बरणी होती. यातलं कोणतं झाकण वाजतंय हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. काहीतरी ताटात पडल्याचा आवाज आला. मग बऱ्याच वेळानं पितळी पेल्यात पाणी ओतल्याचा.

सरांना राहवेना. ते उठले. "काय घेतलं तिनं?"

"मला काय ठावं? म्या बगितलं न्हाई," तारामती म्हणाली. "अन् तुमी बी बगायचं न्हाई. बसा खाली."

सर दाराकडं पाहत उभे राहिले. हातात फोन होता, तो त्यांनी एकदा वर केला, मग खिशात ठेवला. आत पोरगी जेवत होती की नुसती बसली होती, त्यांना कळत नव्हतं. ते खाली बसले.